पाठमोरी

ती पाठमोरी उभी आहे. प्रदर्शनाचा उद्घाटनाचा दिवस, बाकीच्या दालनांत गर्दी आणि गलका. एक कोपरा वळून आपण या दालनात येतो, तर इथे एकच कलाकृती. चौथऱ्यावर, वरून पडणाऱ्या झोतात, फिकट केस, त्याहून फिकट कांती आणि पायांशी घोळ होऊन सांडलेला पाचूच्या रंगाचा रेशमी पोशाख. क्षणभर वाटतं, हा पुतळा नसेलच. उद्घाटनाला आलेली कुणी पाहुणी रिकामा चौथरा बघून वर चढली असेल. आपण मागे फिरणार, एवढ्यात तिच्या हाताची मूठ वळते. तुम्ही येणार असल्याचं मला सांगितलं होतं, अशा अर्थाचं ती काहीतरी बोलते. तोंड न वळवता.

इथे मजकूर थांबतो. खाली कर्सर लुकलुकत असतो. पुढची ओळ आपण लिहायची असते.

एमिली शॉर्ट यांची ‘गॅलाटिआ’ ही अशी सुरू होते. तिला खेळ म्हणायचं की कथा, याचा निकाल मला इतक्या वर्षांत लावता आलेला नाही, आणि आता लावावासाही वाटत नाही. इंग्रजीत या प्रकाराला इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. पडद्यावर मजकूर येतो, वाचणारा ‘बघ’, ‘घे’, ‘उत्तरेला जा’ अशी एखादी छोटी आज्ञा टाईप करतो, आणि त्या आज्ञेला उत्तर म्हणून पुढचा मजकूर येतो. १९७६ मध्ये विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रॅमरने केंटकीतल्या, स्वतः पायाखाली घातलेल्या गुहांवरून असा पहिला गाजलेला खेळ रचला; पुढच्याच वर्षी डॉन वूड्सने तो वाढवला. तेव्हापासून या प्रकाराचा पिंड गुहा, किल्ल्या, दिवे आणि कुलपं यांचा. ‘गॅलाटिआ’त एकही किल्ली नाही. एक दालन आहे, एक स्त्री आहे आणि तिच्याशी बोलणारा एक समीक्षक आहे. तो समीक्षक म्हणजे आपण.

२००० साली ही कृती ज्या ठिकाणी आली, ते ठिकाण महत्त्वाचं आहे. तेव्हा शब्दांच्या खेळांचं एक ‘कलाप्रदर्शन’ भरत असे. त्यात कोडी घालायची नाहीत, एखादी वस्तू नुसती पाहायला ठेवायची, अशी कल्पना होती. चित्रकलेच्या शाळेत असतात तसेच विभाग होते: स्थिरचित्र, निसर्गचित्र, व्यक्तिचित्र. ‘गॅलाटिआ’ व्यक्तिचित्र म्हणून आली आणि त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट ठरली. म्हणजे जिच्यात काढलेली एकही रेषा नाही, तिला लोकांनी चित्र म्हणून पाहिलं. चित्र आधी आणि खेळ मागाहून, या उलट्या क्रमात काय सापडू शकतं, ते मला या एका कृतीत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हा क्रम उलटा आहे, कारण मुखपृष्ठ नेहमी शेवटी येतं. लेखक लिहितो, प्रकाशक चित्रकाराला बाड देतो, चित्रकार त्यातला एखादा प्रसंग उचलतो. ऐंशीच्या दशकात इन्फोकॉम कंपनीचे शब्दांचे खेळ देखण्या खोक्यांतून विकले जायचे, तिथेही हेच. त्यांच्या १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खूनप्रकरणाच्या खेळात तर तपासाची कागदपत्रं आणि गोळ्यासुद्धा पुडक्यात घालून दिल्या होत्या, कारण सगळा मजकूर डिस्कवर मावत नव्हता. चित्र आणि वस्तू खेळाच्या सेवेला होत्या. २०१० मध्ये सॅम काबो ॲशवेल यांनी ‘कव्हर स्टोरीज’ नावाचा उपक्रम केला आणि हे सारं उलटं फिरवलं. आधी लोकांनी मुखपृष्ठं करून द्यायची, अस्तित्वातच नसलेल्या खेळांची मुखपृष्ठं. मग ज्याला जे भावेल ते त्याने उचलायचं आणि त्यातून खेळ लिहायचा. अँड्र्यू प्लॉटकिन यांचा ‘होइस्ट सेल फॉर द हीलिओपॉज अँड होम’ हा त्यातूनच आला. सूर्याकडून वाहणारा कणांचा वारा जिथे संपतो त्या सीमेला हीलिओपॉज म्हणतात. व्हॉयेजर १ हे अंतराळयान तिथून पलीकडे गेलं ते ऑगस्ट २०१२ मध्ये, खेळ निघाल्यावर दोन वर्षांनी. त्या सीमेकडे शीड उभारून निघायचं आणि तिथून घरी, एवढं नुसत्या नावात आहे. कुणाच्या तरी चित्राच्या चौकटीत असलं आकाश दडलेलं असतं, आणि ते ओळखणारा भलताच कुणी निघतो, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

मराठी वाचकाला हा उलटा क्रम परका वाटू नये. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आमच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांतल्या त्या स्त्रिया: कुणी दिवा घेऊन निघालेली, कुणी आरशासमोर, कुणी नुसतीच चौकटीबाहेर बघणारी. लहानपणी अंक हातात पडला की मी आधी आतली पानं उलटून मुखपृष्ठावरच्या बाईची कथा शोधायचो. ती कधीच सापडायची नाही. आत सासुरवाशिणी होत्या, कारकून होते, प्रवासवर्णनं होती, वर्षभराचं राशिभविष्य होतं. दिवा घेतलेली ती बाई कुणाच्याच कथेत नव्हती. फसवल्यासारखं वाटायचं. पुढे कळलं की ते चित्र कशाचं म्हणून काढलेलंच नसतं, ते स्वतःचं स्वतः असतं. पण तेव्हाचं ते शोधणं चुकीचं होतं, असं मला अजूनही वाटत नाही. चांगलं मुखपृष्ठ बघणाऱ्याला एका क्षणाच्या दारात आणून उभं करतं, आणि दाराच्या आत जावंसं वाटणं हा त्याला दिलेला खरा प्रतिसाद आहे.

त्या दाराशी अडकलेल्या माणसाचं सर्वांत मोठं चित्रण आपल्याकडे कालिदासाने करून ठेवलं आहे. ‘शाकुंतला’चा सहावा अंक. अंगठी सापडली आहे, आठवण परत आली आहे, शकुंतला मात्र नाही. दुष्यंताने तिचं चित्र काढलं आहे, दोन सख्यांसह. दासी चतुरिका तो फलक घेऊन येते. राजा चित्राकडे बघतो आणि त्याला उणिवा दिसू लागतात: मालिनी नदी काढायची राहिली आहे, तिच्या वाळूवरची हंसांची जोडी राहिली आहे, हिमालयाच्या पायथ्याला बसलेली हरणं, वल्कलं वाळत घातलेलं झाड, त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा घासणारी हरिणी. कानामागचं शिरीषाचं फूल राहिलं आहे. ही यादी मी लहानपणी वाचली तेव्हा ती मला वर्णनाची हौस वाटली होती. आता वाटतं, राजा जग उभारतो आहे. एका आकृतीभोवती तो नदी, झाड, जनावरं मांडत जातो, कारण त्याला त्या चित्रात जाऊन राहायचं आहे. मग चित्रातला भुंगा शकुंतलेच्या ओठांशी येतो, आणि राजा त्याला आज्ञा देतो. दूर हो म्हणतो. ऐकलं नाहीस तर कमळाच्या पोटात कोंडीन, अशी धमकी देतो. विदूषक सांगतो की महाराज, हे चित्र आहे. राजाचा त्यावरचा विलाप असा, की मित्रा, मी तिला साक्षात बघत होतो, तू माझ्या प्रियेचं पुन्हा चित्र करून टाकलंस.

यातली खोच अशी, की अदृश्य राहून हे सगळं बघणारी अप्सरा सानुमतीसुद्धा तोवर फसलेली असते. विदूषकाच्या बोलण्यानेच तिला भान येतं. म्हणजे राजा फसला तो वेडेपणामुळे नव्हे; चित्र तेवढं खरं होतं.

राजा चित्राला आज्ञा देतो. चित्रातला भुंगा ऐकत नाही. शब्दांच्या खेळात ऐकतो. या कलेचं सगळं सामर्थ्य एवढ्यात आहे, आणि धोकाही इथेच आहे. ऐकणारा भुंगा लवकर कंटाळवाणा होतो. ‘दार उघड’ म्हटलं की दार उघडलं, ‘दिवा घे’ म्हटलं की दिवा हातात आला, असं चालू झालं की बघणारा मालक होतो आणि चित्र नोकर. म्हणून चित्रावरून रचलेल्या खेळाने आपली आज्ञा ऐकायची किती आणि नाकारायची किती, हे त्याच्या रचनाकाराला नेमकं कळावं लागतं. ‘गॅलाटिआ’ इथे श्रेष्ठ ठरते.

चौथऱ्याशेजारी पाटी आहे. ती वाचायची आज्ञा दिली की कळतं: क्रमांक ४७, पांढरा थासोसचा संगमरवर, सायप्रसच्या पिग्मॅलिअनने कुणी न सांगता घडवलेली कृती. शिल्पकाराने पुढे आत्महत्या केली. मूळची ही सजीव नव्हे. ती जागी कशी झाली याचा उलगडा झालेला नाही. थोडक्या कोरड्या वाक्यांत, संग्रहालयाच्या सुरात, एवढं सगळं. थासोस हे एजियन समुद्रातलं बेट. तिथला संगमरवर त्याच्या शुभ्रपणासाठी प्राचीन काळापासून नावाजलेला. एमिली शॉर्ट या ग्रीक-रोमन साहित्याच्या अभ्यासक. शिल्पकार आपल्याच पुतळ्याच्या प्रेमात पडतो आणि देवी तिला जिवंत करते, या रोमन कवी ओव्हिडच्या मूळ कथेत पुतळा हस्तिदंती आहे आणि तिला नावच नाही. गॅलाटिआ हे नाव फार नंतर, अठराव्या शतकात रूढ झालं. त्याहून लक्षात घेण्याजोगं म्हणजे ओव्हिडमध्ये ती एक शब्दही बोलत नाही. तिच्या गालांवर लाली येते, ती डोळे उघडते, तिला प्रियकर आणि आकाश एकदमच दिसतं, आणि कथा तिला सोडून पुढे निघून जाते.

म्हणजे बोलणं ही या कथेतली दोन हजार वर्षांची थकबाकी होती. मराठी प्रेक्षकाने ती एका वेगळ्या वाटेने फिटताना पाहिली आहे. नाटककार बर्नार्ड शॉने पिग्मॅलिअनला लंडनच्या फुलवालीकडे नेलं, पु. लं.नी १९७५ मध्ये तिला ‘ती फुलराणी’त मराठी केलं, आणि घडवली गेलेली मुलगी घडवणाऱ्याला चार शब्द सुनावू लागली. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांना तो संताप वेगळा सांगायला नको. शॉर्ट यांची गॅलाटिआ मात्र संतापापासून सुरू होत नाही. ती मोजून, तुटक बोलते, समोरचा किती पाण्यात आहे ते अजमावत.

तिला दगडाबद्दल विचारा. शिल्पकाराबद्दल विचारा. हळूहळू जे बाहेर येतं ते अंगावर काटा आणणारं आहे: छिन्नी चालत होती तेव्हा तिला जाणीव होती. कोरलं जाणं दुखत होतं. पिग्मॅलिअनच्या कथेवर आजवर जे काही मी वाचलं, पाहिलं, त्यात घडवणाऱ्याची तळमळ होती, त्याचं प्रेम होतं, देवीला केलेला नवस होता. दगडाच्या बाजूने छिन्नी कशी लागते, हे विचारणारं मला दुसरं कुणी आठवत नाही. आणि इथे ते लेखिका आपणहून सांगत नाही. आपल्याला सुचलं आणि आपण विचारलं, तर कळतं. नाही विचारलं तर आपण एका सुंदर पुतळ्याशी चार शब्द बोलून घरी जातो, आणि तोही या खेळाचा एक पुरा शेवट असतो.

शेवट अनेक डझन आहेत. कधी ती खरोखरच जागा झालेला दगड असते, कधी ती माणसाने जोडलेलं यंत्र निघते. कधी दोघांत जवळीक होते, कधी ती जिवावर उठते. पहिल्यांदा कळलं तेव्हा हे सगळे एकाच वेळी खरे कसे, म्हणून मी अस्वस्थ झालो होतो. मग लक्षात आलं की चित्राचं असंच असतं. चौकटीबाहेर बघणारी ती मुखपृष्ठावरची बाई नवऱ्याची वाट बघते आहे की तो गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकते आहे? चित्र दोन्हींना जागा देतं. लेखकाने त्यावरून एकच कथा लिहिली तर एक जागा उरते आणि बाकीच्या बुजतात. शॉर्ट यांनी पुतळ्याची ती अनिश्चितता जपली. ज्या क्रमाने आपण विचारतो, त्या क्रमाने तिचं गतायुष्य ठरत जातं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर तेच उत्तर मिळत नाही, कारण आपण आधी विचारल्याचं तिच्या लक्षात असतं. तिच्या मनाचा ताण, तिची आपल्याबद्दलची आपुलकी, यांचा हिशेब आत कुठेतरी चालू असतो. आपल्याला आकडे कधी दिसत नाहीत, दिसतं ते एवढंच की आता तिने मान थोडी वळवली.

ही मान वळणं. मला वाटतं, सगळी कृती या एका हालचालीवर तोललेली आहे. पाठमोरं चित्र बघताना आपल्याला चेहरा हवा असतो, आणि चित्रात तो कधी मिळत नाही. इथे मिळू शकतो, पण चौथऱ्याला वळसा घालून नव्हे. बोलून मिळतो. तिला वळावंसं वाटलं पाहिजे. मी अनेकदा घाई करून ती वेळ घालवली आहे. एकदा तर पाटी वाचल्या वाचल्या शिल्पकाराच्या मृत्यूबद्दल विचारलं, वार्ताहरासारखं, आणि पुढच्या उत्तरांतला गारठा मला सरळ जाणवला. ‘थांब’ ही आज्ञासुद्धा चालते. काही न विचारता नुसतं तिच्यासोबत उभं राहता येतं. किल्ल्या-कुलपांच्या खेळात थांबणं म्हणजे फुकट गेलेली खेळी. इथे ते सौजन्य आहे.

आपल्याकडे दगड आणि स्त्री म्हटलं की अहल्या आठवते. वाल्मीकींकडे ती शिळा नाही. राखेत पडलेली, वाऱ्यावर जगणारी, कुणाला न दिसणारी अशी ती आहे. शिळा झाली ती पुढच्या परंपरेत, आणि तिला जाग आली रामाच्या पायाने. तिथे स्पर्श उद्धार करतो. ‘गॅलाटिआ’त ‘स्पर्श कर’ असं टाईप करता येतं, आणि ते टाईप करताना बोटं अडखळतात. संग्रहालयात वस्तूला हात लावायचा नसतो, हा एक नियम. अनोळखी बाईला हात लावायचा नसतो, हा दुसरा. तिला हात लावायला निघालेला माणूस यातला कुठला नियम मोडतो आहे, हे त्याचं त्याला ठरवावं लागतं. कथा वाचताना हा प्रश्न पात्राचा असतो. इथे तो माझ्या तर्जनीचा होतो.

ही कृती मराठीत आणायची झाली तर काय होईल, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. इंग्रजीचा सगळा ताण ‘इट’ आणि ‘शी’ यांच्यातल्या अंतरावर आहे. वस्तू म्हणायचं की बाई. मराठीत ते अंतर वेगळं पडतं. ‘शिल्प’ म्हटलं तर ते, ‘पुतळा’ म्हटलं तर तो, आणि ‘मूर्ती’ म्हटलं तर ती आधीपासूनच ती. पाटीवर कुठला शब्द लिहायचा इथेच अर्धा अनुवाद अडेल. पण एक गोष्ट मराठीला इंग्रजीहून जास्त साधेल. वर तिचं पहिलं वाक्य सांगताना मी ‘तुम्ही’ लिहून गेलो. इंग्रजीत तिच्याकडे एकच सर्वनाम आहे. मराठीत ती कुठल्याशा उत्तरात, न सांगता, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येऊ शकेल, आणि बिनसलं तर पुन्हा ‘तुम्ही’वर जाईल. मान वळवण्याइतकीच ती मोठी हालचाल होईल. शिवाय समीक्षक आला की आली, हे क्रियापदात उघडं पडेल. मराठी लेखकाला तेही आधी ठरवावं लागेल.

उणं आहे ते सांगायला हवं. विचारण्याजोग्या गोष्टी शेकड्यांनी असल्या तरी माणसाच्या मनात येणारे प्रश्न त्याहून जास्त असतात. कधी अगदी आतून आलेला प्रश्न आपण टाईप करतो आणि समोरून कळतं की यावर बोलणं होऊ शकत नाही. तेव्हा विदूषक कानाशी येऊन सांगतो, महाराज, हे चित्र आहे. काही शेवट मला घाईने गुंडाळल्यासारखे वाटतात. तिथवर पोचायला लागलेल्या नाजूकपणाला ते पुरे पडत नाहीत. तरी या फटी मला खुपत नाहीत. कमी शब्दांत एवढं अवधान दुसऱ्या कुठल्या खेळाने माझ्याकडून मागितलेलं नाही.

घरातल्या जुन्या रद्दीत मला मध्यंतरी एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मिळालं. नुसतं मुखपृष्ठ, आतला अंक नाही. खालचा उजवा कोपरा फाटलेला, त्यामुळे चित्रकाराची सहीही गेलेली. ओसरीच्या पायरीवर एक बाई, हातात समई, चेहरा बाहेरच्या अंधाराकडे. समई पेटलेली आहे, पण एकच वात. बाकीच्या वाती नुसत्या तेलात आहेत. मी वही काढली आणि पहिल्या पडद्यावरचा मजकूर लिहायला घेतला: पायरी, अंधार, एक वात. तिला काय विचारता येईल याची यादी केली. समई, ओसरी, पाऊस, घरातली माणसं, अंगणात वाजलेलं पाऊल. वातीबद्दलचं उत्तर तीन वेळा लिहून खोडलं, कारण प्रत्येक वेळी मी तिच्याकडून कारण वदवून घेत होतो, आणि एकदा कारण सांगितलं की बाकीच्या वाती विझल्यासारख्या होत होत्या.

आता त्या जागी एवढंच आहे, की विचारल्यावर ती समई जराशी उचलून धरते, आणि आपला चेहरा उजेडात येतो.